क्ष म्हणजे काय, ते लेखकाले विचारा

माणसानं प्रामाणिक असावं, पण एकाच दिवशी फार प्रामाणिक व्हायला जाऊ नये. मी गेलो, आणि तेही बायकोच्या बाबतीत. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

आधी मी कोण ते सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला कोणी ओळखत नाही. मी श्रावण अंभोरे, मुक्काम अमरावती. बोलताना 'मले' म्हणतो, लिहिताना 'मला' लिहितो, कारण नोकरीच तशी आहे. 'अध्यापन-वेध' नावाचं शिक्षणशास्त्राचं एक त्रैमासिक निघतं, त्याच्या कार्यालयात मी सहायक आहे. कार्यालय म्हणजे एका अध्यापक महाविद्यालयाच्या मागची खोली. तिथं एक कॉम्प्युटर, एक कूलर आणि एक मी. यांपैकी कूलरला जास्त मान आहे. (अमरावतीचा मे महिना ज्यानं पाहिला, तो याला माझा अपमान समजणार नाही.)

आमचे संपादक भगवंतराव. त्यांनी मला कामावर घेतलं त्याच दिवशी सगळी पद्धत समजावून सांगितली होती.

"पाय श्रावण, लेख आला की तो दोन समीक्षकांकडं जाते. लेख कोनाचा हाय, हे समीक्षकाले मायीत नाही पाह्यजे. आन लेख कोन तपासून राह्यलं, हे लेखकाले मायीत नाही पाह्यजे. वशिला नाही, भांडन नाही."

"आन तुमाले?"

"मलेही सांगू नको. या जिल्ह्यातल्या अर्ध्या मास्तरांच्या लग्नात मी जेवलो हाय."

म्हणजे सगळे अंधारात आणि सगळी नावं एकट्या माझ्याजवळ. पूर्वी लग्नं अशीच जुळायची. पोरानं पोरीला पाहिलेलं नसे, पोरीनं पोराला पाहिलेलं नसे, आणि दोन्हीकडचा चहा मध्यस्थ प्यायचा. तो मध्यस्थ मी. लेखावरचं नाव, शाळा, गाव, फोन नंबर आणि 'हा लेख लिहिताना सौभाग्यवतींनी वेळोवेळी प्रोत्साहन दिले' असली वाक्यं काढायची आणि लेख पुढं धाडायचा, हे माझं काम. समीक्षक महिनाभरात अभिप्राय देतात, असं आमच्या नियमावलीत लिहिलेलं आहे. (लिहायला काय जातं.)

आता माझी बायको. तिचं नाव भावना. हे नाव नीट ध्यानात ठेवा, मी ठेवलं नाही म्हणूनच ही वेळ आली. ती नांदगाव पेठेकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. तिच्या वर्गात बहुतेक पोरं कापडाच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची. कोणी घरी हिंदी बोलतं, कोणी भोजपुरी, कोणी आपली वऱ्हाडी, आणि पुस्तकात चौथीच भाषा. पोरं गप्प बसायची. वाचायचं तर सोडाच, नाव विचारलं तर बाकाखाली पाहायची.

भावनानं एक युक्ती काढली. प्लास्टिकच्या बाटल्यांची रंगीत झाकणं आणली. सकाळी वर्गात आलं की प्रत्येकानं एक झाकण उचलायचं. पिवळं म्हणजे खुशी, लाल म्हणजे राग, निळं म्हणजे भीती, पांढरं म्हणजे माझं मलाच समजत नाही. झाकणाच्या आत तो शब्द लिहिलेला. ज्याला जे वाटतंय तो शब्द त्यानं आधी वाचायचा, 'कमळ' आणि 'घर' मागून. आणि खरंच, पोरं वाचायला लागली. (ती झाकणं लग्नाच्या मांडवांमागून मी वेचून आणली होती. शिक्षणशास्त्रात माझं योगदान तेवढंच, पण ते कोणी नोंदवत नाही.)

दोन वर्षं तिनं हे केलं आणि मग त्यावर लेख लिहिला, 'पहिलीच्या मुलांच्या भावना आणि पहिले वाचन'. असा लेख छापणारं त्रैमासिक आमच्या भागात एकच, आणि ते माझ्या खोलीतून निघतं. शाळेत बातमी फुटताच कोणीतरी बोललंच, "छापूनच येईन ना मॅडम, घरचीच चक्की हाय."

ते तिच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन पर्स ठेवायच्या आधी तिनं मला समोर बसवलं.

"आयका. माया लेखाले हात लावाचा नाही. नापास झाला तं होऊ द्या. पन तुमच्यामुळं पास झाला असं कोनी मनलं, तं मी शाळेत तोंड दाखोनार नाही."

"मी काहून हात लावू?"

"तुमी लावता."

(हे तिनं आमच्या मिक्सरला उद्देशून म्हटलं होतं. तो मीच दुरुस्त केला होता.)

पण लेख तर माझ्याकडंच आला. दुसरा कोणी आहे कुठं? आणि नाव पुसायलाच हवं. तेव्हा मी ठरवलं की या लेखाच्या बाबतीत आपण हरिश्चंद्र व्हायचं. बाकीच्यांच्या लेखातली नावं मी नजरेनं शोधून काढतो, त्यात एखादं राहूनही जातं. इथं तसं झालं तर लोक म्हणतील, बायकोचं नाव मुद्दाम ठेवलं. म्हणून मी यंत्राकडं गेलो. कॉम्प्युटरमध्ये फाइंड-रिप्लेस म्हणून एक सोय असते. एक शब्द सांगायचा, त्याच्या जागी दुसरा सांगायचा, तो अख्ख्या लेखात बदलून देतो. मी सांगितलं, 'भावना' काढ, 'क्ष' टाक.

त्यानं टाकला आणि किती ठिकाणी टाकला तेही सांगितलं. आकडा पाहून मी चाट पडलो. एवढ्याशा लेखात बाईनं स्वतःचं नाव इतक्या वेळा लिहिलं? मला जरा वाईटच वाटलं. आपली बायको गुणाची आहे, हुशार आहे, पण माणसानं थोडी नम्रता ठेवावी. संध्याकाळी गोडीत समजावून सांगायचं ठरवलं. (सांगितलं नाही. आमच्या संसारात जी शांतता आहे ती मी न सांगितलेल्या गोष्टींची आहे.) मग आडनाव, शाळा, गाव काढलं, लेख वाचायच्या भानगडीत पडलो नाही, कारण वाचणं म्हणजे हात लावणं, आणि तो दोघा समीक्षकांकडं पाठवून दिला.

दोघेही अकोल्याचे. पहिले डॉ. चंद्रभान. फार मोठे सिद्धांतवाले. त्यांना लेख जितका समजत नाही तितका तो त्यांना आवडतो. दुसऱ्या वच्छलाबाई. अकोटकडच्या शाळांत जन्म घालवलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा अभिप्राय म्हणजे एखादाच शब्द असतो. 'कच्चा.' किंवा 'नक्कल.' एका प्राध्यापकाला त्यांनी नुसतं 'बरं' लिहिलं होतं, तर त्यानं पेढे वाटले.

पहिला अभिप्राय आला डॉ. चंद्रभान यांचा, आणि तोही तीन पानी.

'पहिलीच्या मुलांच्या क्ष आणि पहिले वाचन हा लेख शिक्षणशास्त्राला नवे वळण देणारा आहे,' त्यांनी लिहिलं होतं. 'मुलाच्या अंतर्मनातील अज्ञात तत्त्वाला लेखकाने क्ष असे नाव दिले आहे. प्रत्येक मूल वर्गात येताना आपल्या क्ष सोबत घेऊन येते, हे वाक्य मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. विशेष असे की, एका मुलाविषयी बोलताना लेखक भावनेला, भावनेचा, असे म्हणतात. परंतु अनेक मुलांविषयी बोलताना मात्र क्षंना, क्षंचा, असे म्हणतात. अर्थात एकाची ती भावना, सर्वांची ती क्ष. हा सूक्ष्म भेद थोर विचारवंतच करू जाणे. क्षत्मक विकास ही संज्ञा मी माझ्या आगामी ग्रंथात वापरीत आहे. लेख जसाच्या तसा छापावा.'

वाचून आधी माझी छाती फुगली. बायको थोर विचारवंत निघाली. मग मी मनात म्हटलं, हिनं हा क्ष आणला कुठून? आणि मग मला माझं फाइंड-रिप्लेस आठवलं. कॉम्प्युटर बिचारा काय करील? कोणती भावना माझी बायको आणि कोणती पोरांची, हे त्याला काय ठाऊक? (पुष्कळदा मलाही समजत नाही.) 'भावनेला' यात 'भावना' नाही म्हणून ती वाचली, 'भावनांना' यात आहे म्हणून ती मेली. माझ्या सासऱ्यांनी पोरीचं नाव मंदाकिनी ठेवलं असतं तर त्यांचं काय बिघडलं असतं?

दुसऱ्याच दिवशी वच्छलाबाईंचा अभिप्राय आला. या वेळी तोही मोठा होता. तो असा:

'पिंकी नावाची पोरगी एकदम दोन झाकणं उचलते, पिवळं आणि निळं. बाई तिला विचारते, दोन कशाला? ती म्हणते, पप्पा घर आ रहे. खुशीही आहे आणि भीतीही आहे. त्या दिवशी ती पोरगी दोन शब्द वाचते. हे वाचताना मी चष्मा काढून पुसला. ज्यानं कोणी लिहिलं त्याला वर्गात कसं उभं राहायचं ते समजतं. पण हा क्ष कोण? गणितातला क्ष मला ठाऊक आहे, हा ठाऊक नाही. क्ष म्हणजे काय, ते लेखकाले विचारा. सांगता आलं तर छापा. नाही आलं तर छापू नका.'

नियमाप्रमाणे समीक्षकाची शंका लेखकाला कळवावी लागते. मी छातीवर दगड ठेवून कार्यालयाच्या ईमेलवरून लिहिलं, 'महोदया, आपल्या लेखातील क्ष या संकल्पनेची व्याख्या कृपया द्यावी. आपला, सहायक.' आणि सहायक घरी गेला.

भावना भाकरी टाकत होती. फोन ओट्यावर उघडा पडलेला.

"अवो, मी क्ष कुटी लिवला?"

"मले काय मायीत?"

"मले व्याख्या मांगून राह्यले. दुसऱ्या कोनाचा कागद मले आला अशीन. गणितवाल्याचा."

"असू शकते. हापिसात लय गोंधळ असते."

"तुमीच तं असता ना हापिसात."

यावर मी ठेच्याकडं लक्ष दिलं. तिनं हात धुतले, माझ्यासमोर बसली आणि कार्यालयाला उत्तर लिहिलं. 'मी क्ष लिहिलेला नाही. कृपया प्रत तपासावी.' पाठवलं, आणि माझ्या खिशात टुंग वाजलं.

"आयकू नाही आलं का?" ती म्हणाली.

"बँकेचं असते."

आता तुम्ही म्हणाल, सरळ भगवंतरावांना खरं सांगायचं. पण सांगायचं कसं? 'सर, मी लेखकाचं नाव पुसायला गेलो आणि तो शब्द लेखातूनही पुसला गेला' असं म्हटलं की कोणताही शहाणा माणूस लेखातला हरवलेला शब्द शोधील आणि लेखकाचं नाव ओळखील. गुप्तता गेली म्हणजे लेख बाद. चूक कबूल केली तर बायकोचा लेख बुडतो, आणि नाही केली तर बायको क्षची आई ठरते. मग मला वाटलं, ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं परत जावं. ज्यानं भावनाचा क्ष केला, त्यानंच क्षची भावना करावी. (लेखाची मूळ प्रत ईमेलमध्ये ठणठणीत पडली होती. हे मला नंतर बायकोनं दाखवलं.)

मी कॉम्प्युटरला सांगितलं, 'क्ष' काढ, 'भावना' टाक. या वेळचा आकडा आधीच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा होता. मला वाटलं, व्याज लागलं असेल. वर पाहिलं, शीर्षक अगदी बरोबर. 'पहिलीच्या मुलांच्या भावना आणि पहिले वाचन.' जीव भांड्यात पडला. 'तांत्रिक दोष दूर केलेली प्रत सोबत जोडली आहे' असं लिहून अकोल्याला धाडली आणि चौकात जाऊन गिला वडा खाल्ला. फार दिवसांनी तो इतका चवदार लागला.

तोंड पुसत असतानाच वच्छलाबाईंचा फोन आला.

"श्रावण, तुया लेखकाची तब्येत बरी हाय ना?"

"काहून बाई?"

"चौथं पान काढ आन मोठ्यानं वाच."

मी कार्यालयात पळत आलो आणि वाचलं, "शिभावनाकाने प्रत्येक अभावनाराकडे लभावना द्यावे."

"पुढं वाच."

"परीभावना... पुढं एक मात्रा जादा आहे, बाई... पेभावना... इथं एक काना जादा... निरीभावनाण महत्त्वाचे."

"समजलं?"

समजलं. शिक्षक, अक्षर, लक्ष, परीक्षा, निरीक्षण. मराठीत शिक्षणावर क्षशिवाय एक पान लिहून दाखवा, मी नोकरी सोडतो. समीक्षकाचासुद्धा समीभावनाक झाला होता.

"आन वर पाय," बाई म्हणाल्या. "लेखक, भावना, असं लिवलं हाय. माया समोर नाव आलं, बापा. नाव समजलेल्यानं तपासाचं नाही, हा तुमचाच नियम ना? मंग मी बाजूले होते."

बाई बाजूला झाल्या तर उरले डॉ. चंद्रभान. (नाव त्यांच्यासमोरही गेलं होतं, पण त्यांनी तेही सिद्धांतातच धरलं असावं.) त्यांचाही नवा अभिप्राय येऊन पडलाच होता. 'अभावनार म्हणजे जेथे भावनेचा अभाव आहे असा मनाचा प्रांत. सिद्धांत आता पूर्णत्वास गेला. त्वरित छापावा.' म्हणजे लेख पास झाला असता, पण कशामुळं? क्षमुळं आणि अभावनारामुळं. हे दोन्ही शोध कोणाचे? माझे. तुमच्यामुळं पास झाला तर तोंड दाखवणार नाही, असं जिनं बजावलं होतं, तिचा लेख शंभर टक्के माझ्यामुळं पास होत होता. बाटल्यांची झाकणं उचलणाऱ्या पोरांचा त्यात काही संबंधच उरला नव्हता.

वच्छलाबाईंनी आपली शंका लेखीही पाठवली होती, 'शिक्षकाचा शिभावनाक झाला, लेखकाला विश्रांती द्या.' नियमाप्रमाणे तीही घरी गेली. मी पोचलो तेव्हा भावना फोन हातात धरून उभी होती. तिनं त्या शब्दावर बोट ठेवून तो सावकाश वाचला, पहिलीतल्या पोराला वाचून दाखवावा तसा.

"शि. भावना. क." मग माझ्याकडं पाहिलं. "अवो."

"काय?"

"हात लावला ना."

"मशीननं लावला," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. प्रामाणिकपणापासून गिल्या वड्यापर्यंत.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागाची मला सवय आहे. ती खाली बसली. "दोन सालं मी त्या पोराइले इचारत राह्यली, तुले काय वाटते, तुले काय वाटते," ती म्हणाली. "आन तुमी नेमकं थेच पुसून टाकलं."

मला लाज वाटली. थट्टा नाही करत, खरंच वाटली. इतकी वर्षं मी लोकांचे लेख इकडून तिकडं पाठवतो आहे, पण आत काय लिहिलं आहे ते कधी वाचत नाही. त्या संध्याकाळी मी तिचा लेख पहिल्यांदा वाचला, तिच्याच फोनवर. पिंकीच्या दोन झाकणांपाशी आलो तेव्हा फोन खाली ठेवावा लागला. मी पाणी पिऊन आलो. तिनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

मग तिनं मूळ प्रत उघडली. तिचं नाव त्यात एकाच ठिकाणी होतं, शीर्षकाखाली. एक ओळ. तिच्या देखत मी ती ओळ बोटानं पुसली आणि प्रत सगळ्यांना धाडली.

"आता अकोल्याले जा," ती म्हणाली, "आन खरं सांगा. माया नावासकट."

"मंग लेख जाईन."

"जाऊ द्या. खोट्यावर नाही छापाचा."

भगवंतरावांनी अकोल्यात बैठक बोलावलीच होती. दोन समीक्षकांत वाद झाला तर समोरासमोर बसायचं, अशी त्यांची पद्धत. बसमध्ये मी कबुलीजबाब पाठ करत बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत तो इतका सुंदर झाला होता की शेजारचा माणूस म्हणाला, "निवडणुकीले उभे हाये का?" पण अकोल्यात पोचल्यावर चहावाला आला नव्हता, म्हणून माझ्या हातात ट्रे दिला गेला, आणि ट्रे हातात आल्यावर मी पाठ केलेलं सगळं विसरलो.

"चूक माझी आहे," मी ट्रेसकट उभा राहून म्हटलं. "क्ष ही संकल्पना नाही. लेखकाचं नाव पुसताना मी तो शब्द लेखभर पुसला. आणि लेखक म्हणजे माझी बा..."

"मले सांगू नको," भगवंतरावांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"...यको आहे."

डॉ. चंद्रभान यांच्या हातातला पेन तसाच राहिला. त्यांच्या ग्रंथाचं एक प्रकरण तिथल्या तिथं गेलं असावं. भगवंतराव हळूहळू हात खाली घेत म्हणाले, "मग तर पक्षपाताचा प्रश्न येतो. सहायकाची बायको म्हटल्यावर..."

"कायचा पक्षपात?" वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "सख्ख्या नवऱ्यानं बायकोच्या लेखाचं दोनदा वाटोळं केलं. याच्याहून निःपक्षपाती कारभार मी जन्मात पायला नाही. आन मी छापा मनलं तवा लेखकाच्या जागी क्ष होता. मले कोठी नाव मायीत होतं? माया एकच सवाल होता, क्ष म्हणजे काय. त्याचं उत्तर आता भेटलं. याची बायको."

भगवंतरावांनी मान हलवली, पण डॉ. चंद्रभान सहज ऐकणारे नव्हते. "मूळ प्रत मी वाचली," ते म्हणाले. "परंतु क्ष वजा केल्यावर लेखात उरतं काय? भावना काय, सर्वांनाच असतात."

बाईंनी पर्स उघडली आणि टेबलावर झाकणं ओतली. लाल, पिवळी, निळी, पांढरी. लेख वाचल्यावर त्यांनी आपल्या गल्लीतली पोरं जमवून करून पाहिलं होतं म्हणे.

"सगळ्याइले असतात ना? मंग उचला," त्या म्हणाल्या. "आता या घडीले तुमाले काय वाटून राह्यलं, त्याचं एक उचला. पहिलीतली लेकरं उचलतात."

आणि काय सांगू, मोठमोठी माणसं अडून बसली. भगवंतरावांचा हात पिवळ्यावरून लालवर गेला, लालवरून परत आला. शेवटी त्यांनी पांढरं उचललं. "माझं मलाच समजत नाही," ते म्हणाले, "कारण इतके अंक काढले, पण एखाद्या लेखानं मला काय वाटलं, हे मला कोणी विचारलंच नाही." वच्छलाबाईंनी ऐटीत पिवळं घेतलं. डॉ. चंद्रभान बराच वेळ झाकणांकडं पाहत राहिले. मग त्यांनी निळं उचललं आणि आत डोकावून वाचलं.

"भीती," ते म्हणाले. मग त्यांची पुस्तकी भाषा गळून पडली आणि आमच्याच भागाची बोली बाहेर आली. "खरं सांगू का? मले तो क्ष समजलाच नव्हता. नाही समजला असं लिवलं तं लोक काय म्हणतीन, म्हणून तीन पानं लिवले."

कोणी हसलं नाही. बाईंनी चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला. "पाय चंद्रभान," त्या हळूच म्हणाल्या, "लेखात हेच उरते."

डॉ. चंद्रभान यांनी मूळ प्रत पुढं ओढली, तिच्यावर 'मंजूर' लिहिलं आणि सही केली. एक शब्द. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात छोटा अभिप्राय. एकमतानं मंजूर, पुढच्या अंकात पहिल्या पानावर. मी ट्रे टेबलावर आदळला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"पास," मी म्हटलं.

पलीकडं वर्गाचा गलका होता. तो एकदम दूर गेला, म्हणजे ती बाहेर आली असावी. "कोनामुळं?" तिनं विचारलं.

"तुयामुळं. पिंकीमुळं. माया विरोधात जाऊन पास झाला, भावना. मी दोनदा पाडला, तरी पास झाला."

ती हसायला लागली, आणि हसता हसता नाक ओढल्याचाही आवाज आला. त्या दिवशी तिनं कोणती दोन झाकणं उचलली असती ते मला फोनवरून कळलं. घरी आलो तर पाटोडीचा रस्सा झाला होता, आणि ज्यानं घरच्या चक्कीची गोष्ट काढली होती त्यालाच तिनं जेवायला बोलावलं होतं. तो मान खाली घालून चार वेळा वाढून घेत होता.

अंक निघाला. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक झाकणं गोळा करायला लागले. अकोल्यात भावनाचा सत्कार झाला, शाल, श्रीफळ, टाळ्या. डॉ. चंद्रभान यांनी भाषण केलं, आणि ते चक्क समजलं. मी त्या दिवशी इतका फुशारलो होतो की कोणीही न विचारता तीन जणांना सांगितलं, "लेख आमच्या घरचा हाय." कोणीतरी पुन्हा हातात ट्रे दिला, तोही मी आनंदानं फिरवला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. मी सकाळीच चार प्रती घेतल्या आणि पहिली घेऊन शेजारच्या गंगूबाईंकडं गेलो. त्यांनी चष्मा लावला, फोटो डोळ्यांजवळ धरला आणि खालची ओळ बोटानं वाचली. 'डावीकडून वच्छलाबाई, सत्कारमूर्ती भावना अंभोरे, भगवंतराव, डॉ. चंद्रभान व इतर.'

"भावना मोठी गोड दिसून राह्यली," त्या म्हणाल्या. "पन मांगं थो चाय घेऊन उभा हाय, थो कोन?"

"इतर," मी सांगितलं.